सिल्व्हर नायट्रेट: चांदीच्या आयनाचे दोन स्वभाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुणाने विचारलंय की, सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण तपकिरी बाटलीत ठेवूनही महिन्या-दोन महिन्यांत गढूळ का होतं? तळाशी काळसर साका का बसतो आणि असं द्रावण वापरावं की नाही? बोटांवरचे काळे डाग साबणाने का निघत नाहीत? आणि आपण ज्या मिठाने, म्हणजे चांदीच्या या क्षाराने, क्लोराइड मोजतो तेच मीठ डॉक्टर जखमेवर, फोटोग्राफर कागदावर आणि निवडणूक कर्मचारी मतदाराच्या बोटावर कसं काय लावतात?

प्रश्न चार दिसतात, पण मुळात ते एकच आहेत. मी २६ वर्षं विश्लेषणाचं काम करते आहे आणि त्यातला मोठा काळ ब्युरेटमध्ये (थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या काचेच्या नळीत) सिल्व्हर नायट्रेट भरण्यात गेला आहे. या मिठाचं जवळजवळ सगळं वागणं चांदीच्या आयनाच्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या चांदीच्या अणूच्या, दोन स्वभावांतून येतं. पहिला स्वभाव असा की क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड किंवा गंधक भेटलं की त्याला घट्ट धरून पाण्यातून बाहेर पडायचं. दुसरा असा की कुणीही एक इलेक्ट्रॉन दिला की पुन्हा धातू व्हायचं. तुमच्या बाटलीतला दुधाळपणा हे पहिल्या स्वभावाचं काम आणि काळा साका हे दुसऱ्याचं. एवढं मनात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप जुळत जाईल.

आधी मिठाची ओळख करून घेऊ. चांदीची बहुतेक संयुगं पाण्यात विरघळतच नाहीत. जी चांगली विरघळतात त्यांतली फ्लोराइड आणि परक्लोरेट ही हवेतली वाफ ओढून ओली होतात, त्यामुळे नीट तोलता येत नाहीत. नायट्रेट मात्र कोरडं राहतं, त्याचे स्वच्छ, रंगहीन, चपटे स्फटिक मिळतात आणि २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात ते २०० ग्रॅमहून जास्त विरघळतं. म्हणून चांदीचं कुठलंही दुसरं संयुग करायचं असलं की सुरुवात इथूनच होते. वजनाने यात ६३.५ टक्के चांदी असते. सुमारे २१२ अंशांना ते न विघटता वितळतं, आणि याच गुणामुळे ते साच्यात ओतून त्याच्या कांड्या करता आल्या. जुन्या युरोपीय किमयागारांनी चांदीला चंद्राचं नाव दिलं होतं, म्हणून या कांड्यांना ते चंद्राचा दाहक म्हणत. ४४० अंशांच्या आसपास ते मोडतं आणि चांदी, ऑक्सिजन व तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड उरतात.

करण्याची रीतही साधी आहे: चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची. विरल आम्लात नायट्रिक ऑक्साइड निघतो आणि हवेशी भेट झाली की तपकिरी होतो. संहत, गरम आम्लात तपकिरी वायू थेट निघतो. दोन्ही विषारी, त्यामुळे धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर हे करू नये. हायड्रोक्लोरिक आम्लाने मात्र चांदी विरघळत नाही, आणि नायट्रिक आम्लात त्याचा अंश जरी असला तरी धातूभोवती क्लोराइडचं पांढरं कवच बसतं. सोनं नायट्रिक आम्लाला दाद देत नाही, चांदी देते. या फरकावर सोन्याचांदीचं वेगळं करणं शतकानुशतकं चालत आलं आहे. तेराव्या शतकात अल्बर्टस मॅग्नसला हे माहीत होतं, आणि या द्रावणाने कातडी काळी पडते हेही त्याने नोंदवून ठेवलं होतं. तुमच्या बोटांचा प्रश्न इतका जुना आहे.

आता पहिला स्वभाव. खाण्याच्या मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला की दह्यासारखा पांढरा साका पडतो, तो सिल्व्हर क्लोराइड. ब्रोमाइडचा साका फिकट पिवळसर, आयोडाइडचा पिवळा. नुसत्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका, पांढरा आणि फिकट पिवळसर यांत अनुभवी डोळासुद्धा फसतो. अमोनिया घालून बघा: क्लोराइड विरल अमोनियात सहज विरघळतं, ब्रोमाइडला संहत अमोनिया लागतो, आयोडाइड जागचं हलत नाही. कारण विद्राव्यता गुणाकारात आहे; हा आकडा जितका लहान, तितकं अशा संयुगाचं विरघळणं कमी. क्लोराइडचा हा आकडा सुमारे १.८ गुणिले १० चा उणे १० वा घात, ब्रोमाइडचा ५ गुणिले १० चा उणे १३ वा, आणि आयोडाइडचा ८.५ गुणिले १० चा उणे १७ वा. अमोनिया चांदीच्या आयनाला आपल्याकडे ओढतो. क्लोराइडकडून तो ओढून घेऊ शकतो, आयोडाइडच्या पकडीपुढे त्याचं काही चालत नाही.

हे आकडे नुसते पुस्तकात ठेवू नका, आपल्या बाटलीला लावून बघा. पाणीतपासणीत आपण ०.०१४१ नॉर्मल द्रावण वापरतो (नॉर्मल हे द्रावणाच्या ताकदीचं माप; सिल्व्हर नायट्रेटसाठी ते मोलरइतकंच, म्हणजे लिटरमागे तेवढे मोल). तेवढ्या चांदीच्या सान्निध्यात विरघळलेल्या रूपात किती क्लोराइड राहू शकेल? हिशेब केला तर लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही कमी. त्याहून जास्त जे काही असेल ते साका म्हणून बाहेर पडणार. म्हणजे पाण्याची टाकी नीट न धुतलेली असेल, फ्लास्क शेवटी नळाच्या पाण्याने विसळला असेल, डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रातून थोडं पाणी उडून पलीकडे गेलं असेल, तर द्रावण दुधाळ होणारच. बाटलीला कितीही गडद रंग दिला तरी हा दुधाळपणा थांबत नाही, कारण त्याचा उजेडाशी संबंधच नाही. माझी सवय सांगते: नवीन द्रावण करण्याआधी ज्या पाण्यात करायचं त्या पाण्याच्या ५० मिलिलिटरमध्ये जुन्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे आणि काळ्या कागदासमोर धरून बघायचं. धुरकट दिसलं तर त्या पाण्यात द्रावण करायचंच नाही.

आपलं रोजचं अनुमापन, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडून मोजणं, याच स्वभावावर उभं आहे, आणि त्यातली युक्ती इतकी सुंदर आहे की तिच्यावर थोडं थांबते. कार्ल फ्रीडरिश मोर याने १८५६ मध्ये ही पद्धत सांगितली. नमुन्यात थोडं पोटॅशियम क्रोमेट घालायचं, पाणी पिवळं होतं. मग सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं. क्लोराइड शिल्लक आहे तोवर पांढरा साका पडत राहतो. क्लोराइड संपलं की पुढच्या थेंबाला सिल्व्हर क्रोमेटचा विटकरी रंग येतो. पण चांदी आधी क्लोराइडलाच का धरते? सिल्व्हर क्रोमेटचा गुणाकार सुमारे १.१ गुणिले १० चा उणे १२ वा घात, म्हणजे दिसायला क्लोराइडच्या आकड्याहून लहान. इथे अनेक विद्यार्थी गोंधळतात. क्रोमेटला चांदीचे दोन आयन लागतात, त्यामुळे त्याच्या गुणाकारात चांदीचं प्रमाण वर्गात येतं. क्रोमेट ०.००५ मोलर धरलं तर साका सुरू व्हायला चांदी १.५ गुणिले १० च्या उणे ५ व्या घाताइतकी मोलर लागते. आणि क्लोराइड नेमकं संपतं त्या क्षणी चांदी किती असते? १.३ गुणिले १० चा उणे ५ वा घात. दोन आकडे जवळजवळ एकमेकांना चिकटून आहेत. म्हणून क्रोमेटची मात्रा मनाला येईल तशी बदलायची नसते. कमी घातलं तर रंग उशिरा येतो, जास्त घातलं तर लवकर येतो आणि शिवाय पिवळ्या रंगात विटकरी छटा हरवते. डोळ्याला रंग कळण्याइतका क्रोमेटचा साका पडायलाही थोडी चांदी खर्च होते, ती कोऱ्या, म्हणजे क्लोराइड नसलेल्या, पाण्यावर मोजून वजा करायची. सहसा ती ०.२ ते ०.३ मिलिलिटर येते. तुमची कोरी त्याहून बरीच जास्त येत असेल तर आधी पाण्याला तपासा.

हिशेब असा. नमुन्याला लागलेल्या मिलिलिटरमधून कोऱ्याचे वजा करा, नॉर्मॅलिटीने गुणा, ३५,४५० ने गुणा आणि नमुन्याच्या मिलिलिटरने भागा. ५० मिलिलिटर नमुन्याला १२.३ आणि कोऱ्याला ०.३ लागले तर १२ गुणिले ०.०१४१ गुणिले ३५,४५० भागिले ५०, म्हणजे लिटरला १२० मिलिग्रॅम क्लोराइड. ०.०१४१ हा विचित्र वाटणारा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: या द्रावणाचा १ मिलिलिटर बरोबर अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड पकडतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती, ती सांगते कारण तुम्हीही तिच्या वाटेवर असाल. विहिरींच्या पाण्याचे तीसेक नमुने आले होते. त्यातल्या निम्म्या बाटल्या धातू मोजायच्या म्हणून नायट्रिक आम्ल घालून ठेवलेल्या होत्या. मी घाईत त्याच बाटल्यांतून क्लोराइड केलं. शेजारशेजारच्या विहिरी, पण आम्ल घातलेल्या बाटल्यांचे आकडे सरसकट चढे. माझ्या वरिष्ठांनी फक्त एवढंच विचारलं, ‘‘सामू बघितलास का गं?’’ सामू म्हणजे pH, पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा. आम्लात क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, पिवळ्याचं नारिंगी होतं. मग विटकरी रंग यायला जास्तीची चांदी लागते आणि आपण ते सगळं क्लोराइडच्या नावावर लिहितो. उलट सामू १० च्या वर गेला तर चांदीचा तपकिरी ऑक्साइड पडू लागतो आणि तिथेही चांदी वाया जाते. मोरची पद्धत ७ ते १० या पट्ट्यातच चालते. नमुन्यात अमोनिया असेल तर वरची मर्यादा आणखी खाली आणावी लागते. ते सगळे अहवाल मी पुन्हा केले, आणि तेव्हापासून सामू मोजल्याशिवाय ब्युरेटला हात लावत नाही.

आणखी काही गोष्टी चांदी खातात. ब्रोमाइड आणि आयोडाइड क्लोराइड म्हणूनच मोजले जातात. सल्फाइड, सल्फाइट, थायोसल्फेट हे तर सरळ आड येतात. त्यांना आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने निपटावं लागतं. लोह फार असेल तर रंगाचा शेवट कळत नाही. नमुना आम्लातच मोजणं भाग असेल तर १८७४ साली याकोब फोल्हार्डने मांडलेली पद्धत घ्या: मोजून जास्त चांदी घालायची आणि उरलेली थायोसायनेटने परत मोजायची, फेरिक तुरटीचा लाल रंग हा शेवट. तिथे सिल्व्हर क्लोराइड गाळून काढायला विसरू नका. सिल्व्हर थायोसायनेट त्याहून कमी विरघळतं, त्यामुळे साका तसाच ठेवला तर थायोसायनेट त्यातली चांदी ओढत राहतं आणि आलेला लाल रंग डोळ्यांदेखत उडून जातो.

याच पहिल्या स्वभावाची एक वापरायला फार सोपी जागा म्हणजे काँक्रीट. समुद्राजवळच्या बांधकामात मीठ किती खोल शिरलं हे बघायचं असेल तर काँक्रीटचा गाभा ताजा फोडतात आणि त्या तुकड्यावर ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट फवारतात. क्लोराइड जिथवर पोचलं तिथवर पांढरं, पुढे अल्कलीमुळे चांदीच्या ऑक्साइडचं तपकिरी. मधली रेघ पट्टीने मोजायची. सळई त्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे यावर पुढचा निर्णय.

आता दुसरा स्वभाव, म्हणजे धातू होण्याची ओढ. चांदीच्या आयनाचं प्रमाणित विद्युत विभव अधिक ०.८० व्होल्ट आहे. साध्या भाषेत, हा आयन इलेक्ट्रॉन घ्यायला उत्सुक असतो. स्वच्छ तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात टांगून ठेवा. तांब्याचा एक अणू विरघळतो, चांदीचे दोन आयन धातू होतात. काही तासांत तारेवर चकाकणारी झाडं उगवतात आणि पाणी निळं होत जातं. इतकी वर्षं झाली तरी कुणी नवीन विद्यार्थी आला की मी हा प्रयोग लावते, आणि स्वतःच खुर्ची ओढून बघत बसते.

तांबं सोडा, साधी धूळ, कागदाचे तंतू, कातडीतली प्रथिनं, रबराचं बूच, हे सगळे थोडेथोडे इलेक्ट्रॉन देऊ शकतात, आणि उजेड त्या कामाला जोर देतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळं पडतं’ हे अर्धंच खरं आहे. अगदी शुद्ध स्फटिक स्वच्छ काचेत उजेडात ठेवले तर बराच काळ तसेच राहतात. काळेपणाला सेंद्रिय पदार्थाचा स्पर्श लागतो. म्हणून तपकिरी बाटली आवश्यक आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. काचेचं बूच वापरा, पिपेट थेट बाटलीत बुडवू नका, ब्युरेटमध्ये उरलेलं द्रावण परत ओतू नका, आणि स्फटिक कागदावर तोलू नका, काचेच्या लहान भांड्यात तोला. या चार गोष्टी पाळल्या की तुमचा काळा साका बहुतेक नाहीसा होईल.

उजेडाची गोष्ट निघालीच आहे तर थोडा इतिहास. चांदीची संयुगं काळी पडतात ती उष्णतेने नव्हे, उजेडाने, हे १७१७ च्या सुमारास योहान हाइनरिश शुल्झे याने दाखवलं. खडूची पूड नायट्रिक आम्लात मिसळली होती, त्या आम्लात चांदीचा अंश होता. खिडकीकडची बाजू काळी झाली, सावलीतली पांढरी राहिली. त्याने बाटलीवर अक्षरं कापलेला कागद चिकटवून उन्हात ठेवला आणि अक्षरं आत उमटली. पण ती टिकवायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटने १८३० च्या दशकात कागद मिठाच्या पाण्यात भिजवून त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवला, म्हणजे कागदातच सिल्व्हर क्लोराइड तयार केलं. न काळवंडलेली चांदी काढून टाकायला जॉन हर्शेलने सुचवलेलं थायोसल्फेट, म्हणजे आपला हायपो, उपयोगी पडला. हायपो चांदीची न विरघळणारी संयुगं विरघळवतो हे त्याने १८१९ मध्येच पाहिलं होतं. फोटोच्या फिल्ममध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. उजेडाचे मोजके कण पडून चार-सहा अणूंएवढी चांदी मोकळी झाली तरी पुरते, कारण नंतर डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, त्या ठिपक्यापासून सुरुवात करून अख्खा कण धातूत बदलतो. एका लहानशा खुणेचं कोट्यवधी पटींनी मोठं होणं ही रसायनशास्त्रातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

आरशाचंही हेच. यूस्टुस फॉन लीबिगने १८३५ मध्ये अल्डिहाइडने चांदीचा चकचकीत थर बसतो हे नोंदवलं. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया घालायचा, आधी पडलेला तपकिरी साका विरघळेपर्यंत. त्यात ग्लुकोज घालून कोमट केलं की स्वच्छ काचेवर आरसा चढतो. कॉलेजात याला टॉलेन्सचं अभिकर्मक म्हणतात. इथे मी आवाज चढवून सांगते आहे असं समजा: हे अमोनियायुक्त द्रावण कधीही साठवू नका. काही तास उभं राहिलं की त्यात चांदीचं नायट्राइडसारखं स्फोटक संयुग तयार होऊ शकतं, आणि ते काळं पापुद्र्यासारखं बसलेलं असताना भांडं हलवलं तरी फुटतं. लागेल तेवढंच करा, प्रयोग संपला की लगेच विरल आम्ल घालून मोडा, आणि भांडी त्याच वेळी धुवा. उद्या सकाळी धुवू, असं नको. असाच धोका आणखी दोन ठिकाणी असतो. नायट्रिक आम्लाच्या सान्निध्यात अल्कोहोलशी गाठ पडली तर सिल्व्हर फल्मिनेट होऊ शकतं, आणि ॲसिटिलीन वायूने सिल्व्हर ॲसिटिलाइड, दोन्ही स्फोटक. सिल्व्हर नायट्रेट स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला ऑक्सिजन पुरवतं, तेव्हा त्याची बाटली ॲसिटोन-अल्कोहोलच्या कपाटात ठेवू नये.

डॉक्टरांचा भाग थोडा जपून सांगते, कारण ते माझं क्षेत्र नाही; त्यातलं रसायन मात्र माझं आहे. चांदीचा आयन प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो. जंतूंच्या प्रथिनांनाही आणि आपल्याही. १८८१ मध्ये लाइपझिगच्या कार्ल क्रेडे याने जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा थेंब घालण्याची रीत प्रसिद्ध केली. आईकडून येणाऱ्या गोनोरियाच्या जंतूंमुळे तेव्हा अनेक मुलं आंधळी होत. त्याच्या रुग्णालयात या आजाराचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आलं. एका थेंबाने किती डोळे वाचले याचा विचार केला की या पांढऱ्या मिठाबद्दल आदर वाटतो. पण हेच द्रावण डोळ्याची आगही करत असे, म्हणून पुढे ते १ टक्क्यावर आणलं गेलं आणि आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा प्रतिजैविक मलमांनी घेतली आहे. ७५ टक्के सिल्व्हर नायट्रेट आणि २५ टक्के पोटॅशियम नायट्रेट लावलेल्या काड्या मात्र अजून वापरात आहेत: नाकातली रक्त येणारी केशिका जाळायला, बाळाच्या बेंबीवर वाढलेला लाल मांसल भाग आटवायला. नेमक्या जागी, प्रशिक्षित हातानेच. शेजारच्या कातडीला लागलं तर तीही जळते.

भाजलेल्या जखमांसाठी १९६५ च्या सुमारास ०.५ टक्के द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या वापरल्या जाऊ लागल्या. जंतू आटोक्यात आले, पण पट्ट्या जखमेतलं क्लोराइड साका करून खेचून घेत आणि त्यामागोमाग सोडियमही निघून जाई. रुग्णाच्या रक्तातली क्षारांची घडी विस्कटे. तुमच्या ब्युरेटखाली जे घडतं तेच तिथे माणसाच्या अंगावर घडत होतं. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्सने सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम आणलं. त्यातली चांदी हळूहळू सुटते, त्यामुळे ही अडचण फार कमी झाली. एक विनंती मनापासून: चांदीचं पाणी आरोग्यासाठी म्हणून कुणी प्यायला सांगितलं तर पिऊ नका. शरीरात साठलेली चांदी कातडीत उजेडाने काळवंडते आणि माणूस कायमचा निळसर-करडा दिसू लागतो. याला आर्जिरिया म्हणतात, आणि कुठल्याही औषधाने ते धुऊन निघत नाही.

मतदाराच्या बोटावरची शाई म्हणजे तुमच्याच बोटांवरच्या डागाचा मुद्दाम केलेला वापर. द्रावण कातडीच्या वरच्या मृत थरात मुरतं, घामातल्या मिठाशी मिळून सिल्व्हर क्लोराइड होतं, उजेडात त्यातून बारीक चांदी सुटते आणि थेट प्रथिनांनीही काही चांदी धातू होते. धातूचे कण थराच्या आत अडकलेले, त्यांना साबण काय करणार? पेशी झडतात तेव्हाच डाग जातो. नखावर पडला तर नख वाढून कापेपर्यंत. गुन्हे तपासात कागदावरचे ठसे उमटवायलाही हीच क्रिया एके काळी वापरत, ठशातलं मीठ चांदीने पकडून उजेडात काळं करायचं.

सूक्ष्मदर्शकाखालची कहाणी मला फार प्रिय आहे. कामिल्लो गोल्जी याने १८७३ मध्ये मेंदूचा तुकडा आधी डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला. काही मोजक्याच पेशी आतून सिल्व्हर क्रोमेटने भरून काळ्या झाल्या, पण ज्या झाल्या त्या शेवटच्या फांदीपर्यंत. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर नुसतं काळं जंगल दिसलं असतं. सांतियागो रामोन इ काहालने तीच रीत सुधारून चेतापेशी सुट्यासुट्या असतात हे दाखवलं, आणि १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. तुमच्या फ्लास्कमधला विटकरी रंग आणि गोल्जीचा काळा डाग हे एकच संयुग आहे.

वनस्पतींत चांदीचा आयन इथिलीन या वाढीच्या वायुरूप संप्रेरकाचा संदेश अडवतो. त्यामुळे काकडीच्या फक्त मादी फुलं देणाऱ्या वाणांवर सिल्व्हर नायट्रेट फवारून नर फुलं आणता येतात आणि त्या वाणाचं बी टिकवता येतं. कापलेल्या कार्नेशनसाठी नायट्रेट देठात नीट चढत नाही, तिथे थायोसल्फेटशी जोडलेली चांदी लागते. पाऊस पाडायला ढगांत पेरतात ते सिल्व्हर आयोडाइड. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाशी जुळते हे बर्नार्ड व्हॉनेगटने १९४६ मध्ये हेरलं. पण तेही करायला सुरुवात नायट्रेटपासूनच.

आता पुन्हा तुमच्या बाटलीकडे. द्रावण दुधाळ किंवा काळसर झालं असेल तर लगेच ओतून देऊ नका. काचेच्या लोकरीतून किंवा सच्छिद्र काचेच्या गाळणीतून गाळा. गाळण कागद नको, तो स्वतः सेंद्रिय आहे. मग पुन्हा प्रमाणित करा, म्हणजे त्याची नेमकी ताकद मोजा. १४० अंशांना वाळवलेलं सोडियम क्लोराइड ०.८२४० ग्रॅम घेऊन १ लिटर केलं की ते ०.०१४१ नॉर्मल होतं, त्याच्यावर तीनदा अनुमापन. तीन वाचनं जुळली तर नवी नॉर्मॅलिटी लेबलवर तारखेसह लिहा आणि खुशाल वापरा. जुळली नाहीत, किंवा चार दिवसांत पुन्हा गढूळ झालं, तर बाटलीच दूषित आहे. ती विरल नायट्रिक आम्लाने धुवा, नंतर फक्त डिस्टिल्ड पाण्याने. साधारण महिन्याला एकदा प्रमाणित करणं पुरतं, बाटली बदलली की लगेच.

हाताला लागलं तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा; डाग दिसायला काही तास जातात, तोवर हात कोरडा दिसतो म्हणून निष्काळजी राहू नका. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. कपड्यावरच्या किंवा टेबलावरच्या डागावर आयोडीनचं द्रावण लावा, काळी चांदी आयोडाइड होते, मग हायपोने ते विरघळवून पाण्याने धुवा. कातडीवर मात्र हे घासत बसू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत डाग आपण होऊन जातो.

शेवटचं काम उरलं ते टाकाऊ द्रावणाचं. मोरीत ओतू नका. चांदीचा आयन पाण्यातल्या जीवांना फार थोड्या प्रमाणातही मारतो, आणि मोरच्या फ्लास्कमध्ये क्रोमेटही असतं, जे कर्करोगकारक आहे. सगळं एका मोठ्या बरणीत जमवा. बरणी भरली की मिठाचं पाणी ढवळत घालत जा. विटकरी रंग जाऊन तळ पांढरा झाला म्हणजे क्रोमेटकडची चांदीही क्लोराइडने घेतली. तिथेच थांबा, मीठ फार जास्त झालं तर सिल्व्हर क्लोराइड थोडं परत विरघळू लागतं. वरचं पिवळं पाणी वेगळ्या बरणीत काढा. ते आम्लयुक्त करून बायसल्फाइटने हिरवं झालं की विषारी क्रोमियम सौम्य रूपात आलं, मग ते तुमच्या प्रयोगशाळेच्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात द्या. खालचा साका धुऊन त्यावर विरल सल्फ्युरिक आम्ल आणि जस्ताचे तुकडे टाका, हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर, कारण हायड्रोजन सुटतो. पांढऱ्याचं करडं होत जाईल. जस्त पूर्ण विरघळेपर्यंत आम्ल असू द्या, मग करडी भुकटी क्लोराइड निघून जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा. ०.०१४१ नॉर्मलच्या दर लिटरमागे सुमारे १.५ ग्रॅम चांदी असते, त्यातली बहुतेक हाती लागते. ती नायट्रिक आम्लात विरघळवा आणि स्फटिक काढा. तुमची पुढची बाटली त्यातूनच भरता येईल.